धाकटीच्या सात फासळ्या

त्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले त्याला बारा वर्षे झाली होती. आणि आज होडी गाड्यावर चढवून उताराच्या टोकाशी आणली असताना ते पत्र ग्रंथपालांच्या सदऱ्याच्या खिशात श्वासागणिक करकरत होते.

"सोडू का?" मिस्त्रीने विचारले. गाड्याच्या दोराला खांबाभोवती दोन वेढे देऊन तो अशा ऐटीत उभा होता, की जणू दोराच्या टोकाला होडी नसून शेळी आहे.

"जरा थांबा."

"अर्धा तास थांबलोय."

"नाही, म्हणजे वारा जरा..."

"वाऱ्याचं काय करायचंय? शीड कुठं लावलंय? नुसतं पाण्यात बसवायचंय तिला. पोराला घंगाळात बसवतात तसं."

"ते खरं, पण..."

"आली! तळटीप आली!" मिस्त्री आवारभर ऐकू जाईल असे म्हणाला.

जुन्या होड्या दुरुस्त करण्याच्या त्या आवारात ग्रंथपालांना सगळे तळटीप म्हणत. अडतीस वर्षे ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे लिहिण्यात गेलेला हा माणूस एकही वाक्य धड संपवत नसे. वाक्य संपले असे वाटेपर्यंत मागून 'पण' येई, त्यामागून 'म्हणजे', आणि सर्वांत शेवटी, अगदी हळू आवाजात, 'अर्थात माझं चुकत असेल'. निवृत्त होऊनही त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे, आणि त्यांचीही त्याला हरकत नव्हती. नावाने हाक मारली की उत्तर द्यावे लागते.

"सोडा हो मिस्त्री," मागून त्यांची बायको म्हणाली. ती चहाचा थर्मास घेऊन उलट्या बादलीवर बसली होती. "हे हो म्हणेपर्यंत समुद्र आटेल. मी सांगते, सोडा."

मिस्त्रीने वेढे सैल केले. गाडा कुरकुरत उतारावरून गेला, आणि बारा वर्षांनी धाकटी पाण्यात शिरली.

धाकटी म्हणजे चौदा फुटांची, एका डोलकाठीची, एका शिडाची लाकडी होडी. ग्रंथपाल आणि त्यांचा दादा, दोघे भाऊ तरुण असताना दादाने ती कोणाकडून तरी जुनी घेतली. घरात आपण दोघेच, तिसरे भावंड हवे, म्हणून तिला धाकटी म्हणायचे असे दादानेच ठरवले. बाकीचेही सगळे दादानेच ठरवले. शीड कधी ओढायचे, सुकाणू किती वळवायचे, पाणी कोणी उपसायचे. पाणी नेहमी ग्रंथपालच उपसत. दादा जहाजाच्या इंजिनघरात कामाला होता. तिथल्या आवाजाने त्याचे कान लवकर गेले, आणि ऐकू येत नाही म्हणून तो साधे 'भूक लागली' हेसुद्धा वादळात हाक मारावी तसे म्हणे.

होडी तरंगली. ग्रंथपाल आत उतरले आणि खाली वाकून बसले. फळ्यांमधल्या फटींतून पाणी आत येत होते. एका ठिकाणाहून नव्हे. शंभर ठिकाणांहून, बारीक, चकचकीत, जणू होडीला सगळीकडून घाम फुटला होता.

"गळतेय," ते म्हणाले.

"गळणारच," मिस्त्री म्हणाला. "इतकी वर्षं कोरडी उभी होती. लाकूड आटलंय. पाणी पिऊ दे तिला पोटभर. फुगली की फटी आपोआप मिटतील."

"पुढच्या बाजूला जरा जास्तच... तेवढी एकच फट आपण..." ग्रंथपालांचा हात फळीखाली ठेवलेल्या, फटी बुजवायच्या लांबीच्या डब्याकडे गेला. मिस्त्री गुडघाभर पाण्यात उतरला, डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, आणि थर्माससकट बसलेल्या बाईंच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"वहिनी, हा डबा घरी न्या. आणि ह्यांच्या हाताला काहीतरी काम द्या."

त्यांच्या हाताला काम होते. हातपंप होता. ग्रंथपाल पंप मारायला लागले.

*

बारा वर्षांपूर्वी धाकटी अशी गळली नव्हती. एक थेंबसुद्धा आत आला नव्हता. तेच तर झाले होते.

तेव्हा दादाची बायको नुकतीच गेली होती आणि दादा दूरच्या शहरात मुलीकडे राहायला गेला होता. धाकटी ग्रंथपालांच्या घरामागे दोन उन्हाळे कोरडी पडून होती. फळ्या आटून फटींतून पलीकडची भिंत दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती एकट्या ग्रंथपालांच्या हातात होती. त्यांनी ग्रंथालयातून होड्यांच्या दुरुस्तीचे एक जाड पुस्तक घरी आणले, पेन्सिलीने टिपणे काढली, आणि ठरवले की एकट्याने ती तयार करायची, पाण्यात घालायची, आणि मगच दादाला कळवायचे.

त्याच आठवड्यात दादाचे पत्र आले. पाकिटावरची ठसठशीत अक्षरे पाहूनच ग्रंथपालांच्या कानात दादाचा आवाज घुमला. आत काय असणार हे ठाऊक होते: हे कर, ते करू नकोस, तुला जमायचं नाही. एकदा तरी काम आपल्या मनाने करू, झाले की वाचू, असे म्हणून त्यांनी ते पाकीट न उघडता पुस्तकात खूण म्हणून घातले.

पुस्तकात लिहिले होते, पाणी आत येऊ नये म्हणून प्रत्येक फट कडक मसाल्याने भरावी. ते प्रकरण नव्या, चिकटवलेल्या होड्यांबद्दल होते, फळ्या जोडून केलेल्या जुन्या होड्यांबद्दल नव्हते. पण प्रकरणाचे नाव मागच्या पानावर होते आणि ग्रंथपाल पुढच्या पानावर होते. त्यांनी सगळ्या फटी भरल्या. दगडासारख्या कडक. घासून गुळगुळीत केल्या. होडी पाण्यात घातली, आणि ती अशी कोरडी राहिली की त्यांनी आत रुमाल पसरून बायकोला दाखवला.

तिसऱ्या दिवशी लाकूड फुगले. फळ्यांना सरकायला जागा हवी होती आणि जागा ग्रंथपालांनी दगडाने बुजवून टाकली होती. मग फळ्यांनी जागा केली. ग्रंथपाल काठावर बसून वाचत होते तेव्हा पहिला आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. मग दुसरा. तीन तासांत धाकटीच्या सात फासळ्या मोडल्या. होडीचे अंग आतून ज्यांनी धरून ठेवलेले असते त्या वाकवलेल्या पट्ट्या, सात. ते पुस्तकातले पान पुन्हा पाहायला धावले, आणि पुस्तक उघडताच पाकीट खाली पडले.

'होडी दोन उन्हाळे कोरडी आहे,' दादाने लिहिले होते. 'फटी पडल्या असतील. घाबरू नकोस. कापूस ठोक, वर मऊ लांबी लाव, बास. कडक काही भरू नकोस. लाकडाला फुगायला जागा लागते. पाण्यात ठेव, गळू दे, उपसत राहा, तीन दिवसांत बसेल. कशी आहे ते मला लिही. आणि हे पत्र पोचायच्या आत काही उद्योग करून ठेवला असशील तर तेही लिही. ओरडणार नाही.'

'ओरडणार नाही' हे दोन शब्द ग्रंथपालांना सर्वांत जास्त लागले. दादाला न ओरडता बोलताच येत नसे.

उत्तर लिहायला ते बसले नाहीत असे नाही. शंभर वेळा बसले. आधी होडी नीट करू, मग लिहू, असे ठरले. दादाने दुसरे पत्र पाठवले नाही; आपल्या पत्राचे उत्तर आल्याशिवाय पुढचे लिहायचे नाही, हा त्याचा बाणा. पुतणी अधूनमधून फोन करी. "काका, बाबा विचारतात, धाकटी कशी आहे?" ग्रंथपाल म्हणत, "काम चालू आहे." ते खोटे नव्हते. बारा वर्षे काम चालूच होते.

धाकटी या आवारात आली. कडक मसाला इंच इंच खरवडून काढण्यात दोन वर्षे गेली. मग फासळ्या. पत्र्याच्या लांब नळीत लाकडाची पट्टी ठेवायची, किटलीतून वाफ सोडायची, आणि बाहेर काढली की अर्ध्या मिनिटात वाकवून जागेवर बसवायची. अर्धे मिनिट हा ग्रंथपालांना विचार करायला फारच कमी वेळ. पट्ट्या मोडत. तीन मोडल्या की चौथी बसे. मग तांब्याचे खिळे. त्याला दोन माणसे लागतात: बाहेरून एकाने लोखंडाचा ठोकळा खिळ्याच्या डोक्याला दाबून धरायचा, आतून दुसऱ्याने ठोकायचे. बाहेर बायको बसे. मध्ये फळी, एकमेकांची तोंडे दिसत नसत. एकदा टक केले की 'तयार', दोनदा टक केले की 'पुढचा'.

"संसारात पहिल्यांदाच बघतेय," ती फळीपलीकडून म्हणाली होती, "मी एकदा सांगितलं आणि तुम्ही लगेच केलं."

*

मागच्या सोमवारी पुतणीचा फोन आला नसता तर धाकटी आजही गाड्यावरच असती. होडी वर्षभरापूर्वीच तयार झाली होती, पण ग्रंथपाल तिला रंग देत होते. दिलेला रंग खरवडून पुन्हा देत होते.

"काका, बाबांच्या डोळ्यांचं आता अवघड आहे," पुतणी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले महिना, फार तर दीड. मग वाचता येणार नाही. आत्तासुद्धा भिंगातून, मोठं अक्षर असलं तरच."

"अरेरे."

"तुम्हाला काही लिहायचं असेल तर आत्ता लिहा. नंतर मलाच वाचून दाखवावं लागेल. आणि त्यांना ऐकू येत नाही, म्हणजे मला ओरडून वाचावं लागेल. अख्खी गल्ली ऐकेल, काका."

ग्रंथपालांना ती गल्ली डोळ्यांसमोर दिसली. खिडक्या उघडतायत, आणि त्यांचा बारा वर्षांचा गुन्हा पुतणीच्या तोंडून, टिपेच्या आवाजात, एकेक ओळ करून बाहेर पडतोय. पण त्याहून वाईट ते दुसरेच होते. दादाने ते आपल्या डोळ्यांनी, एकट्याने वाचावे, ही एवढी एकच गोष्ट त्यांना अजून दादाला देता येण्यासारखी होती, आणि आता तीही हातची जाणार होती.

"लिहितो," ते म्हणाले. "होडी पाण्यात बसली की लिहितो."

टपालाला दहा दिवस लागत. ग्रंथपालांनी मनाशी हिशेब केला आणि रंगाचा ब्रश धुवून ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा धाकटी बसली होती. उथळ पाण्यात, तळाच्या चिखलावर, काठोकाठ भरून. फक्त बसायच्या फळ्या पाण्यावर दिसत होत्या.

"बुडाली," ते म्हणाले.

"बुडाली काय? बसलीय," मिस्त्री दात घासत म्हणाला. "रात्रभर पाणी प्यायली. आता उपसा."

ते उपसायला लागले. आधी बादलीने, मग पंपाने. त्यांनी एका काठीवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि दर अर्ध्या तासाला पाणी मोजायला सुरुवात केली. बसवत नव्हते, उभे राहवत नव्हते. होडीतून काठावर, काठावरून होडीत. बायकोने आणलेला चहा दोनदा गार झाला.

"अहो, तिच्याकडे सारखं बघितलं म्हणून लाकूड लवकर फुगतं का?"

"नाही. पण..."

"मग इकडे बघा जरा. दादांना पत्र लिहायला घ्या. मी कागद आणलाय."

"अजून गळतेय."

"ते लिहा."

"गळतेय असं कसं लिहू? बारा वर्षांनी पत्र लिहायचं, आणि लिहायचं काय, तर गळतेय?"

तिने कागद परत पिशवीत ठेवला. "तुमचे दादा ओरडतात तरी," ती म्हणाली. "ओरडून मोकळे होतात."

दुपारपर्यंत पाणी काठीवरच्या चौथ्या खुणेवरून तिसऱ्या खुणेवर आले. संध्याकाळी अडीच. ग्रंथपाल घरी गेले ते काठी बरोबर घेऊनच.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी तरंगत होती. आत घोट्याएवढे पाणी, बस. मिस्त्रीने खिशातला चाकू काढून त्याचे पाते एका फटीत घालून पाहिले. गेले नाही. दुसऱ्या फटीत घातले. तिथेही गेले नाही.

"मिटल्या," तो म्हणाला. "काय तळटीप, आता तरी पूर्णविराम द्या."

ग्रंथपाल हसले. बायको कोपऱ्यावर पोस्टाची तिकिटे आणायला गेली. मिस्त्री दुसऱ्या होडीखाली शिरला. ग्रंथपाल एकटे पंप मारत बसले, आणि कितीतरी वर्षांनी त्यांना वाटले की आपण सुकाणूशी बसावे. ते उठून मागच्या फळीवर, दादाच्या जागेवर, जाऊन बसले.

तेव्हा आवाज आला. काटकी मोडावी तसा.

ते हलले नाहीत. दुसऱ्या आवाजाची वाट पाहत राहिले. मग गुडघ्यांवर येऊन, हात पाण्यात घालून, एकेक फासळी वरून खाली बोटांनी चाचपू लागले, आंधळ्याने ओळ चाचपावी तसे. पहिली. दुसरी. तिसरीच्या वळणावर त्यांच्या नखाला भेग लागली. केसाएवढी. पण आरपार.

"मिस्त्री!" ग्रंथपाल ओरडले. त्यांना ओरडता येते हे आवारात कोणालाच माहीत नव्हते. दोघेतिघे हातातले काम टाकून धावत आले.

मिस्त्रीने वाकून पाहिले. "गेली," तो म्हणाला.

"परत तेच झालं."

"तेच कसं? तेव्हा सात गेल्या होत्या. ही एक. तुमची पहिलीच ना ही? लाकडाची रेघ तिरकी होती. मी तेव्हाच बोललो होतो, ही धरणार नाही."

"बाहेर काढा तिला."

"काय?"

"बाहेर काढा. ही फासळी बदलतो. सगळ्या पुन्हा तपासतो. मग..."

"आता काढली तर परत आटेल. परत फटी, परत पहिल्यापासून. एका फासळीनं होडी बुडत नाही. शेजारी दुसरी वाकवून बसवू. आतूनच. ती पाण्यात असतानाच." मिस्त्रीने चाकू मिटला. "जुनी होडी आहे. तिचं कायतरी जातच राहणार. आपण करतच राहायचं. पुस्तक आहे का, एकदा छापलं की झालं?"

"तुम्ही तिला बाहेर काढा," ग्रंथपाल म्हणाले. "मी दादाला मोडलेली होडी कळवणार नाही. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी कोणाला कळवणार?"

बायको काठावर उभी होती. तिच्या हातात तिकिटे होती आणि चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"पुढच्या वर्षी पुतणीला ओरडायला लागेल," ती म्हणाली. "दादांनी काय विचारलं होतं? होडी चांगली आहे का, असं विचारलं होतं? मी वाचलंय ते पत्र. कशी आहे, असं विचारलं होतं."

मिस्त्री आणि बाकीचे, अचानक काही काम आठवावे तसे, पांगले.

ग्रंथपाल पाण्यात गुडघ्यांवर तसेच होते. खिशातले पत्र त्यांनी बाहेर काढले. त्याचा खालचा कोपरा भिजला होता. त्यांनी ते वाचले नाही. ते पाठ होते.

"कागद दे," ते बायकोला म्हणाले.

तिने पिशवीतून कागद काढला नाही. ग्रंथालयाची कोरी कार्डे काढली, निवृत्त होताना त्यांनी घरी आणलेला गठ्ठा. "ह्याच्यावर लिहा. मोठं लिहा, दादांना दिसेल असं. आणि खाली तळटीपेला जागा उरणार नाही असं."

पहिल्या कार्डावर त्यांनी लिहिले, 'तुला हे पत्र पाहून नवल वाटेल, आणि वाटणे साहजिकच आहे, अर्थात', आणि कार्ड भरले. तिने ते काढून घेतले. दुसऱ्यावर तब्येतीची चौकशी भरली. तेही गेले. तिसरे कार्ड हातात घेऊन ते बराच वेळ बसले. मग, लहान मुलाने पाटीवर गिरवावे तशा मोठ्या अक्षरांत, त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहिले:

'दादा, तुझे पत्र वेळेवर आले होते. मी उघडले नाही. फटी कडक भरल्या. सात फासळ्या मोडल्या. सात नव्या केल्या. आज त्यातली एक मोडली. धाकटी पाण्यात आहे. गळते.'

"थोडी गळते, असं लिहू का?" त्यांनी विचारले.

"जागा कुठाय?"

खरेच जागा नव्हती.

टपालपेटी आवाराच्या फाटकाबाहेर, वळणावर होती. ग्रंथपाल ओल्या विजारीनेच तिथवर गेले. पाकिटावर त्यांच्या अंगठ्याचा ओला, काळपट ठसा उमटला होता.

"नवीन पाकीट आणू का?" बायकोने विचारले. "घाण दिसतंय."

"असू दे. त्याला कळेल कुठलं पाणी आहे ते."

पाकीट पेटीच्या फटीत त्यांनी घातले, पण बोटे सुटेनात. अर्धे आत, अर्धे बाहेर. रस्त्याने एक सायकल गेली. बायको त्यांच्या तोंडून 'पण' यायची वाट पाहत होती. तो आला नाही.

पाकीट आत पडले. कशावर तरी मऊ पडले असावे. आवाज आला नाही. ग्रंथपालांनी तरी कान देऊन ऐकले. मग मनगटावरचे घड्याळ पाहिले. अर्धा तास होऊन गेला होता. ते वळले आणि भरभर फाटकाकडे चालू लागले, पाणी उपसायला.